सातवा वॉल

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा.

भिंती जाड. खिडकी एकच, तीही उंचावर. मधोमध एक पांढरा टब, तुमच्या घरातल्या पलंगाएवढा. टबाच्या मागे जमिनीत चौकोनी भोक आणि त्यात उतरणारी पाच दांड्यांची लोखंडी शिडी.

आणली?

आता त्या टबात स्वतःला बसवा. गळ्यापर्यंत कोमट पाणी. एक पाय वाकत नाही, त्यामुळे पळता येणार नाही...

भीती वाटली तर थांबा, पाणी प्या, मग पुढे वाचा. मला घाई नाही. मी तीस वर्षं धुळ्याच्या आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकवलं. एकच गोष्ट चाळीस वेळा सांगायची मला सवय आहे.

पण ही गोष्ट मी कुणाला फार वेळा सांगितलेली नाही. कारण ती घडलेली आहे. मी तिथे होतो.

आणि भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तेही विसरा. हे घडलं भर दुपारी. शिरपूरला, दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, मंगळवारी. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

डॉक्टर मृणाली मॅडमनी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात फिजिओथेरपीचं केंद्र काढलं होतं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. तिथल्या जुन्या पंपाच्या खोलीत त्यांनी तो टब बसवला. टबाला सहा जेट. जेटमधून पाणी आणि हवा जोरात येते, पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, आणि आखडलेले सांधे हळूहळू मोकळे होतात. प्रत्येक जेटला एक व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सगळे वॉल म्हणतात. ते सहा वॉल मागच्या खड्ड्यात बसवले होते. खड्डा जिनिंगच्या काळापासून तयारच होता. नवा कशाला खणायचा?

टब पंधरा दिवसांच्या बोलीवर आला होता. चालला तर राहील, नाही तर परत. आणि तो चालत नव्हता. वॉल उघडणाऱ्या बटणांच्या पॅनेलवर दोन दाबलं की पाच उघडायचा. तीन दाबलं की एक. वायरींचा क्रम कुणीतरी चुकवला होता.

पंधरावा दिवस म्हणजे तो मंगळवार. टब न्यायला पाच वाजता गाडी येणार होती.

टब परत गेला असता तर मॅडमना वाईट वाटलं असतं. पण एका मुलीचं त्याहून मोठं काम अडलं होतं. तिचं नाव संघमित्रा. वय अकरा. सायकलवरून पडून गुडघ्याजवळचं हाड मोडलं, प्लास्टर निघालं, पण गुडघा साठ अंशांच्या पुढे वाकेना. महिन्याभरात तो नव्वदपर्यंत गेला नाही, तर नाशिकला नेऊन, भूल देऊन, जोर लावून वाकवणार होते. जिल्ह्यात असा दुसरा टब नव्हता.

"जोर लावून म्हणजे कसा?" तिनं मॅडमना विचारलं होतं.

मॅडम खोटं बोलत नाहीत. त्यांनी खरं सांगितलं.

तेव्हापासून ती रोज आजीबरोबर येऊन विचारायची, "झाला का टब?"

वायरींचं काम माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडे, ललितकडे होतं. दोन दिवस तो एकटाच झुंजला. मग मला फोन केला. "सर, या ना. खाली उतरायला भरवशाचा माणूस पाहिजे."

हे काम दोघांचंच असतं. एक जण वर पॅनेलपाशी, एक जण खाली वॉलपाशी. वरचा एकेक वॉल उघडतो आणि ओरडून विचारतो, "एकला पाणी शे का?"

खालचा पाइपला हात लावतो. पाणी आलं असेल तर ओरडतो, "शे!"

आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे. पाणी आहे, मी आहे, सगळ्याला एकच शब्द. गडबडीत, पंपाच्या आवाजात, एवढा छोटा शब्द नीट ऐकू जातो. म्हणून धुळे-जळगावकडचे फिटर, शहरात मराठी बोलणारेसुद्धा, खड्ड्यातून शेच म्हणतात.

संघमित्रा खुर्चीवर पाय लांब करून सगळं बघत होती.

"आणि काम संपलं की, नाना?"

"काम संपलं की वरच्यानं म्हणायचं, झालं, वर ये. तोपर्यंत खालच्यानं जागा सोडायची नाही."

"वरचा विसरला तर?"

"तर खालचा थांबून राहतो," मी हसून म्हणालो.

तेव्हा हसलो होतो.

सव्वादोन वाजता दुसऱ्या वॉलचा वॉशर फाटलेला सापडला. मी वर आलो. ललित बाहेर मोटारीपाशी गेलेला. मी मॅडमना सांगून बाजारात गेलो. एकच दुकान उघडं होतं. वॉशर घेऊन मी अर्ध्या तासानं परत आलो.

दारातूनच ललितचा आवाज ऐकला. खुशीत होता.

"सहाला पाणी शे का?"

मी उंबऱ्यावर थांबलो.

खोलीत तो एकटा होता. पाठ माझ्याकडे, बोट पॅनेलवर.

खड्ड्यातून आवाज आला...

"शे..."

ललितनं बटण दाबलं. "बास, सर! सहाच्या सहा लागले. आता या..."

"ललित," मी म्हणालो.

तो वळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे पाहिलं.

"तुम्ही वर कधी आलात?"

"मी खाली नव्हतोच. बाजारात होतो."

त्याच्या चेहऱ्यावरचा घाम मला आजही दिसतो.

"मग मला... तीनपासून सहापर्यंत... सांगत कोण होतं?"

मी बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरलो. कुणी नव्हतं. सहा नवे वॉल, पाइप आणि ओल. दुसऱ्या वॉलमधून फाटक्या वॉशरमुळे हवा सुटत होती. श्श... श्श...

"हवा आहे रे," मी खालून ओरडलो. "हवेला तू शे समजलास."

मी वर आलो. त्यानं लावलेला क्रम आम्ही तपासला. तीन दाबलं, तीन उघडला. चार दाबलं, चार. पाच. सहा.

एकही चूक नव्हती.

मुलांनो, हवा योगायोगानं एकदा बरोबर उत्तर देईल. चार वेळा?

मी वॉशर बदलला. सुटणारी हवा बंद झाली. खड्डा गप्प झाला. मला वाटलं, संपलं.

मग पॅनेल सुरू केलं. असं पॅनेल सुरू होताना जोडलेले वॉल स्वतः मोजतं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा...

सात.

पडद्यावर सातवी ओळ आली. पुढे हिरवा ठिपका. म्हणजे वॉल जोडलेला आहे.

ललितनं ती ओळ पुसली. पॅनेल बंद करून पुन्हा लावलं.

सात.

"वायर मोज," मी म्हणालो. त्यानं मोजल्या. सहाच होत्या. सातव्या जागेचा स्क्रू रिकामा होता.

मी पुन्हा खाली उतरलो. या वेळी मागच्या भिंतीकडे नीट पाहिलं. तिथे जुना वॉल होता. जिनिंगच्या काळातला, बिडाचा, ताटाएवढं चाक असलेला. त्याचा पाइप कधीच कापून टाकला होता. चाक गंजून भिंतीला चिकटल्यासारखं झालं होतं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. जराही हललं नाही.

मी खिशातून खडू काढला. चाकावर आणि बाजूच्या भिंतीवर मिळून एकच आडवी रेघ ओढली. ही युक्ती लक्षात ठेवा. चाक फिरलं तर रेघ तुटते.

वर आलो तर संघमित्राची आजी, आक्काबाई, आली होती. नात टबात बसणार म्हणून टॉवेल आणि कोरडे कपडे घेऊन.

"जय भीम, नाना. खड्डामा काय शे?"

"जुना वॉल आहे, आक्का."

ती टॉवेलची घडी हातात धरून खुर्चीवर बसली. ती याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला होती. मला हे माहीत नव्हतं.

"तठे रतिलालभाऊ व्हता," ती म्हणाली.

रतिलाल पंपावरचा माणूस. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी कापसाच्या गंजीला आग लागली. आगीच्या नळाचा मोठा वॉल या खड्ड्यात होता. रतिलाल खाली उतरला, चाक फिरवलं. वरून कुणीतरी विचारलं, पाणी शे का? तो म्हणाला, शे. नळी भरली. माणसं नळी घेऊन धावली.

"बठ्ठा लोक आगकडे पळनात," आक्काबाई म्हणाली. "त्याले वर ये म्हनी कोणीच सांगं नई."

सगळे आगीकडे पळाले, त्याला वर ये असं कुणीच सांगितलं नाही. धूर या खोलीतही भरला होता. दुसऱ्या दिवशी लोक खड्ड्यात उतरले.

"सापडला का?" ललितनं विचारलं.

आक्काबाईनं नाही अशी मान हलवली. खड्डा रिकामा होता. शिडीपाशी, वर, त्याच्या चपला होत्या. एकीशेजारी एक. माणूस काढून ठेवतो तशा.

पंख्याचा आवाज तेवढा होता.

ललितनं पक्कड पिशवीत टाकली. "मॅडम, गाडीवाल्याला फोन करा. आत्ताच घेऊन जा म्हणा."

"घाबरलास?"

"हो."

"बरं केलंस सांगितलंस," मृणाली मॅडम म्हणाल्या. "पण सहा वॉल चालतात ना? मला सहाच पाहिजेत. सातव्याला म्हणावं, तुमचेही गुडघे दुखत असतील तर पेशंटची वेळ चारची आहे."

ललितला हसू आलं, पण पिशवीची चेन त्यानं लावलीच.

"नाना," संघमित्रा म्हणाली. "टब चालू आहे की नाही? एवढंच सांगा."

"चालू आहे."

"मग मला बसू द्या."

"बेटा, उद्या..."

"उद्या टब कुठंय?"

मी आक्काबाईकडे पाहिलं. मला वाटलं, आजी तरी नको म्हणेल. ती उठली, पदर खोचला आणि नातीची कुबडी बाजूला ठेवली.

"आमले पाणीवरथून उठाडनारा आजून जन्मले येल नई," ती म्हणाली.

पाण्यावरून आम्हाला उठवणारा अजून जन्माला आलेला नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. तिच्या घरात ही गोष्ट बाराखडीच्याही आधी शिकवतात.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी संघमित्रा टबात बसली. मॅडमनी वीस मिनिटं लावली. तीन आणि चार नंबरचे जेट गुडघ्यावर, हलक्या जोरानं. बाकीचे बंद. पाणी गुणगुणत फिरायला लागलं. तिनं टाच टबाच्या तळावर ठेवली आणि पाय सरकवत आणला. दात आवळलेले.

"पासष्ट," मॅडम कोन मोजून म्हणाल्या. "शाबास."

मी पॅनेलपाशी होतो. हिरवे ठिपके बघत होतो. तीन चालू. चार चालू. सात... बंद.

आठ मिनिटं झाली.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला. पॅनेल काळं पडलं. पंप थांबला. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी लाइट जाते, त्यात नवल नाही. खिडकीतून उजेड होता. सगळं दिसत होतं.

"थांब बेटा," मॅडम म्हणाल्या. "येईल एवढ्यात."

खोली इतकी शांत झाली की मला माझं घड्याळ ऐकू येत होतं.

मग संघमित्रा म्हणाली, "नाना... पाणी थांबलं नाही."

आम्ही टबात पाहिलं.

पंप बंद होता. जेट बंद होते. पाणी फिरत होतं. हळूहळू, उलट्या दिशेनं, तिच्याभोवती.

आणि वास आला. आक्काबाईनं तो आधी ओळखला. तिनं पदर नाकाला लावला.

जळालेल्या कापसाचा वास.

ललित दारापर्यंत गेला होता. मी बॅटरी घेतली आणि खड्ड्यात प्रकाश टाकला. खाली उतरलो नाही. खोटं कशाला बोलू, उतरायची हिंमत झाली नाही. वरूनच भिंतीवरची रेघ दिसली.

भिंतीवर अर्धी रेघ आडवी होती.

चाकावरची अर्धी रेघ उभी होती.

मग खालून आवाज आला. आता फाटका वॉशर नव्हता. हवेचा पंप बंद होता.

"शे..."

"बाहेर काढा हिला," मी म्हणालो. "मॅडम, धरा. उचला."

संघमित्रानं टबाच्या दोन्ही कडा घट्ट पकडल्या.

"नाही."

"मित्रा!" आजी ओरडली.

"माझी बारा मिनिटं बाकी आहेत. नाना, तुम्हीच सांगितलं ना, वरचा विसरला तर खालचा थांबून राहतो? मग त्यांना सांगा ना कुणीतरी!"

मी वर्गात हजारो मुलांना तो नियम शिकवला होता. या खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून तो पाळायची वेळ माझ्यावर आली. मी वाकलो आणि शक्य तेवढ्या मोठ्यानं म्हणालो,

"रतिलालभाऊ... झालं. वर या."

टबातलं पाणी थांबलं.

एकदम. कुणी हात ठेवून थांबवावं तसं.

मला वाटलं, सुटलो. बिचाऱ्याला एवढंच हवं होतं. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि...

टण.

लोखंडावर पाय पडल्याचा आवाज. शिडीची खालची दांडी.

टण.

दुसरी.

मी मागे सरलो. कुणाला वर बोलावलं की तो वर येतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

टण.

बॅटरीचा प्रकाश शिडीवरच होता. शिडी रिकामी होती. पण तिसरी दांडी थरथरत होती.

टण.

टण.

पाचवी.

त्याच्यापुढे शिडी नव्हती. त्याच्यापुढे आमची फरशी होती. कोरड्या फरशीवर, खड्ड्याच्या काठाशी, दोन ओले ठसे उमटले. एकाशेजारी एक. अनवाणी.

आता मी पुढचं थोडं आधी सांगून टाकतो, म्हणजे उगाच तुमचा जीव टांगणीला नको. टब शिरपूरलाच राहिला. अजून आहे. गाडीवाला पाच वाजता आला आणि रिकामा गेला. ललितनं पॅनेल दोनदा बदललं. नवं पॅनेलही सातच मोजतं. मॅडमनी सातव्या ओळीवर काळी चिकटपट्टी लावली आहे. जुनं चाक मी पुन्हा तपासलं. आजही ते दोन्ही हातांनी हलत नाही, आणि माझी रेघ आजही तुटलेली आहे.

मी आवाजाचा विचार केला. पाण्याचा केला. काही पाइप तापून वाजतात, हेही मला माहीत आहे. ठशांचं काय करू, ते मला माहीत नाही. आणि एक प्रश्न मला अजून छळतो. मी त्याला वर बोलावलं. पण घरी जा, असं कुठं म्हणालो? आमच्या कामात तसं म्हणायची पद्धतच नाही.

आता त्या दुपारी परत चला. टब. कोरडी फरशी. दोन ठसे.

ललित दाराबाहेर. मॅडमचा हात संघमित्राच्या खांद्यावर. आक्काबाई टब आणि खड्डा यांच्या मध्ये येऊन उभी, हातात टॉवेल, जणू टॉवेलनं कुणाला अडवणार होती. आणि मी, तीस वर्षं शिकवलेला माणूस, भिंतीला टेकलेला.

पळता न येणारी एकटीच होती.

संघमित्रानं आजीच्या बाजूनं मान काढून त्या ठशांकडे पाहिलं. तिची हनुवटी थरथरत होती. ते मी पाहिलं. पण आवाज थरथरला नाही.

"आजोबा, आले असाल तर बसा तिकडे," ती म्हणाली. "माझं अजून झालं नाही."



तिनं टाच तळावर टेकवली. आता जेट नव्हते, पाण्याची मदत नव्हती. तिनं स्वतःच्या जोरावर पाय सरकवला, डोळे मिटले, आणि गुडघा वाकवला.

"एक," ती मोठ्यानं म्हणाली.

पाय सरळ केला. पुन्हा वाकवला.

"दोन."

मॅडमनी कोन मोजायची पट्टी पाण्यात धरली. तीन. चार. प्रत्येक वेळी तिच्या तोंडातून कळ बाहेर यायची आणि मागोमाग आकडा. पाच. फरशीवरचे ठसे वाळत नव्हते. सहा.

"सात," संघमित्रा म्हणाली.

तिच्या अगदी जवळून, टबाच्या काठापासून, हळूच आवाज आला...

"शे..."

तिनं डोळे उघडले. वर्गात मध्येच बोलणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्या बाजूला एकदा पाहिलं.

मग गुडघा आधीपेक्षा जरा जास्त वाकवला.

"आठ," ती म्हणाली.